खुबा आणि पेल्विस: फिजिओच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

बीपीटीएचच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला लोअर लिंब, म्हणजे पाय, सुरू झाला की डिसेक्शन हॉलच्या दारात, कँटीनमध्ये आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता फोनवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केलेत. क्रम पुस्तकाचा नाही. मुलं जिथे अडकतात तिथे जास्त लिहिलंय, बाकीचं उरकलंय. परीक्षेत लागणारे शब्द इंग्रजीच ठेवलेत, पण पेशंटशी मराठीतच बोलायचं असल्यामुळे त्यांचेही शब्द अधूनमधून येतील.

पेशंट म्हणतो, ‘कंबर दुखते’. म्हणजे हिप का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे ‘कंबर’ बरगड्या संपतात तिथून सुरू होते आणि कुल्ल्यापर्यंत कुठेही पोचते. हिपला मराठीत खुबा म्हणतात, हे खरं. पण ‘खुबा दुखतो’ म्हणताना माणूस हात ठेवतो तो बाजूच्या टणक उंचवट्यावर, म्हणजे फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) ग्रेटर ट्रोकँटरवर. सांधा तिथे नसतो. तो पुढे जांघेत असतो, इंग्वायनल लिगामेंटच्या मध्यापासून जरा खाली, फीमोरल आर्टरीचे ठोके लागतात त्याच्या मागे खोलवर.

म्हणून पहिला नियम एवढाच की नाव विचारू नका, बोट ठेवायला सांगा. जांघेत बोट गेलं, किंवा अंगठा मागे आणि बोटं पुढे असा इंग्रजी ‘सी’ करून कोणी खुबा पकडून दाखवला, तर सांध्याचा संशय घ्यायचा. बाजूच्या हाडावर बोट आणि ‘त्या कुशीवर झोपता येत नाही’ ही तक्रार असेल, तर ग्लुटियल टेंडन (कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे) आणि बर्सा (हाडावरची द्रवाची पिशवी) आठवायचे. कमरेखाली पाठीला पडणाऱ्या खळीवर बोट गेलं तर एसआय जॉइंट (मणक्याच्या तळाचं सेक्रम आणि इलियम यांचा सांधा) किंवा लंबर स्पाइन.

‘वाटी’ या शब्दाचीही गंमत आहे. अॅसिटॅब्युलम, म्हणजे हिपची खोबण, समजावताना आपण सहज ‘वाटी’ म्हणून जातो आणि पेशंट गुडघ्याकडे बघायला लागतो, कारण मराठीत वाटी गुडघ्याचीच. शाळेच्या पुस्तकातला ‘उखळीचा सांधा’ हा शब्द त्यापेक्षा बरा. उखळ सगळ्यांना माहीत असते, निदान आजीला तरी.

स्पॉटरमध्ये (हाडं ओळखायच्या परीक्षेत) हिप बोन हातात दिलं की हात थरथरतात. डावं-उजवं कसं ओळखू?

तीन गोष्टी बघा. रुंद पात्यासारखा इलियम वर. अॅसिटॅब्युलमचा खड्डा बाहेर. मोठं भोक, म्हणजे ऑब्च्युरेटर फोरामेन, खाली. आता प्यूबिस पुढे येईल असं फिरवा. ज्या बाजूच्या कमरेला ते हाड तुमच्या अंगावर नीट बसतं, ती बाजू. खरोखर अंगाला लावून बघा, परीक्षकांना त्याचं काही वाटत नाही.

यापुढे एक पायरी आहे आणि मार्क तिथेच जातात. हाड अॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये धरा म्हटलं की मुलं पेल्विसची (कमरेच्या हाडांच्या कड्याची) परडी करतात, तोंड आकाशाकडे. खरं तर एएसआयएस (इलियमचं पुढचं वरचं टोक) आणि प्यूबिक ट्युबरकल (प्यूबिसवरचा छोटा उंचवटा) एकाच उभ्या प्रतलात यायला हवेत. हाड भिंतीला लावून दोन्ही ठिकाणं एकदम टेकतात का ते पाहिलं की झालं. असं धरलं की पेल्विसचं वरचं तोंड बरंच पुढे झुकलेलं दिसतं. ते पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखं वाटतं, पण आपण सगळे तसेच उभे असतो.

इलियम, इशियम, प्यूबिस कुठे जुळतात?

अॅसिटॅब्युलममध्ये. वयात येईपर्यंत तिथे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची कूर्चा असते, ट्रायरेडिएट कार्टिलेज. ती साधारण १३ ते १६ वर्षांच्या दरम्यान भरून येते, मुलींमध्ये आधी. लहान मुलाच्या एक्स-रेत तिथे फट दिसली तर फ्रॅक्चर म्हणून ओरडू नका.

खांदाही उखळीचाच सांधा. मग खांदा सटासट निखळतो आणि खुबा का नाही?

खांद्याची उखळ म्हणजे बशी आणि खुब्याची म्हणजे वाडगा. त्यात कडेने लॅब्रमची झालर, जी खड्डा आणखी खोल करते. खालच्या बाजूला कडेला जी खाच आहे तिच्यावरून ट्रान्सव्हर्स अॅसिटॅब्युलर लिगामेंट पूल बांधतं.

पण खरी ताकद बाहेरच्या तीन लिगामेंट्सची आहे: पुढे इलिओफीमोरल, खाली-पुढे प्यूबोफीमोरल, मागे इशिओफीमोरल. इलिओफीमोरल हे शरीरातलं सगळ्यात मजबूत लिगामेंट समजलं जातं. उलट्या ‘वाय’सारखं दिसतं, आणि बिगेलोचं लिगामेंट म्हणून तोंडी परीक्षेत विचारलं जातं. हिप एक्स्टेन्शनमध्ये (मांडी मागे) नेला की ही तिन्ही लिगामेंट्स फीमरच्या मानेभोवती पिळली जातात, ओला टॉवेल पिळावा तशी, आणि हेड, म्हणजे फीमरचं गोल टोक, उखळीत घट्ट दाबलं जातं. फ्लेक्शनमध्ये (मांडी पुढे घेताना) हाच पीळ उलगडतो.

याचा उपयोग तुम्ही रोज करता. रांगेत आरामात उभं असताना शरीराचा भार हिपच्या अक्षाच्या किंचित मागून जातो. पेल्विस मागे कलंडायला बघतं आणि इलिओफीमोरल त्याला धरून ठेवतं. स्नायूंना फारसं काम पडत नाही. पॅराप्लेजियाच्या (दोन्ही पाय लुळे पडलेल्या) पेशंटला कॅलिपर (पायांना आधार देणारी साधनं) लावून पॅरलल बारमध्ये पहिल्यांदा उभं करताना आपण ‘पोट पुढे काढा, खांदे मागे’ म्हणतो, त्याचं कारण हेच. त्याचे ग्लुटिअल स्नायू काम करत नसतात. तो अक्षरशः या एका लिगामेंटवर टांगलेला असतो. हिप फ्लेक्सरमध्ये कॉन्ट्रॅक्चर असेल (तो आखडून बसला असेल) तर ही युक्ती चालत नाही, कारण हिप न्यूट्रलच्या पलीकडे जातच नाही. म्हणून वॉर्डात अशा पेशंटला रोज पालथं झोपवायचा आपला आग्रह असतो.

आता उलटा विचार करा. हिप वाकलेला, पाय आत घेतलेला, आणि गुडघ्यावर समोरून दणका. गाडीच्या डॅशबोर्डवर गुडघा आपटला की नेमकं हेच होतं. पीळ उलगडलेला असतो, हेड मागे सटकतं. पोस्टेरियर डिस्लोकेशनमध्ये पाय फ्लेक्स्ड, अॅडक्टेड (मध्यरेषेकडे ओढलेला) आणि आत वळलेला दिसतो, आणि मागे सायॅटिक नर्व्ह असल्यामुळे पाऊल वर उचलता येतं का हे लगेच तपासतात.

क्लोज-पॅक्ड पोझिशन म्हणजे हाडं सगळ्यात जास्त जुळलेली स्थिती ना?

इतर बऱ्याच सांध्यांत हो, हिपमध्ये नाही. क्लोज-पॅक्ड म्हणजे पूर्ण एक्स्टेन्शन, सोबत थोडं अॅबडक्शन (पाय बाजूला नेणं) आणि इंटर्नल रोटेशन (आत वळवणं). तिथे लिगामेंट्स घट्ट असतात, पण हेडचा पुढचा भाग उखळीबाहेर उघडा राहतो. हेड आणि उखळ सगळ्यात छान जुळतात ते फ्लेक्शन, अॅबडक्शन आणि एक्स्टर्नल रोटेशनमध्ये, म्हणजे रांगणाऱ्या प्राण्याच्या स्थितीत. दोन पायांवर उभं राहण्याची किंमत म्हणा.

बाळाला कडेवर घेण्याचा याच्याशी संबंध आहे म्हणतात, ते खरं का?

आहे. कडेवरच्या बाळाचे पाय आईच्या कमरेला मिठी मारून फाकलेले असतात, म्हणजे वरचीच जुळलेली स्थिती. वाढत्या उखळीला हेड मधोमध मिळतं. याच्या उलट म्हणजे अंघोळीनंतर बाळाचे पाय सरळ ताणून, एकमेकांना चिकटवून दुपट्यात घट्ट बांधणं. ज्या बाळाचा खुबा मुळात सैल आहे, त्याचा तो यामुळे बाहेर राहू शकतो. दुपटं बांधू नका असं आजीला सांगायला जाऊ नका, कोणी ऐकत नाही. ‘वरून बांधा, पाय आत बेडकासारखे मोकळे राहू द्या’ म्हणा.

बाळाचा सैल खुबा शोधायच्या तपासण्यांची नावं लक्षात ठेवायची सोपी खूण: बार्लो बाहेर काढतो, ऑर्टोलानी आत बसवतो. बार्लोत अॅडक्शन करून मागे हलका दाब, ऑर्टोलानीत अॅबडक्शन करून ट्रोकँटर पुढे उचलणं. ऑर्टोलानी हे इटलीतले बालरोगतज्ज्ञ होते, त्यांची खूण १९३० च्या दशकातली. बार्लोंची १९६२ ची.

नेक-शाफ्ट अँगल आणि अँटिव्हर्जन यांत नेहमी घोळ होतो.

फीमर समोरून बघितला की दिसतो तो नेक-शाफ्ट अँगल. जन्मताना सुमारे १५० अंश, मोठेपणी १२५ च्या आसपास. खूप कमी झाला तर कॉक्सा व्हॅरा, वाढला तर कॉक्सा व्हॅल्गा.

अँटिव्हर्जन बघायला तेच हाड टेबलावर आडवं ठेवा आणि एका टोकाकडून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघा. कॉन्डाइल्स (गुडघ्याकडचे दोन उंचवटे) टेबलावर टेकलेले असतात आणि मान मात्र वर उचललेली दिसते. तो कोन. बाळात ३० ते ४० अंश, मोठ्यांत १० ते १५. ज्या मुलात तो उतरत नाही ते पावलं आत वळवून चालतं आणि जमिनीवर ‘डब्ल्यू’ करून बसतं. मांडी घालायला सांगितलं तर कुरकुरतं. घरच्यांना ते हट्टी वाटतं, पण त्याच्या फीमरची ठेवणच तशी असते. हा कोन मोजायची क्रेग टेस्ट पालथं झोपवून, गुडघा ९० अंशात वाकवून करतात. पाय आत-बाहेर फिरवत ट्रोकँटर सगळ्यात बाहेर कधी लागतो ते हाताने शोधायचं आणि तिथे थांबून नडगीचा कोन मोजायचा.

ग्लुटियस मीडियस अॅबडक्टर आहे. पण रोजच्या आयुष्यात पाय बाजूला उचलतो कोण?

फारसं कोणी नाही. स्कूटरवर टांग टाकताना, झालंच तर. म्हणूनच हा प्रश्न मला आवडतो.

पुस्तकात स्नायूची क्रिया सांगताना पेल्विस स्थिर धरलेलं असतं आणि फीमर हलतो. चालताना उलटं असतं. पाय जमिनीला खिळलेला आणि त्यावर पेल्विस तोललेलं. उजव्या पायावर उभे राहा. डाव्या बाजूला आता खालून आधारच नाही. पेल्विस डावीकडे पडायला हवं, पण पडत नाही, कारण उजवे ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस इलियमला खाली ट्रोकँटरकडे ओढून धरतात. नर्व्ह सुपीरियर ग्लुटिअल, एल ४, एल ५, एस १. टेन्सर फॅशिया लाटालाही तीच.

शाळेतली पहिल्या प्रकारची तरफ आठवा. टेकू म्हणजे फीमरचं हेड, भार म्हणजे शरीराचं वजन, बल म्हणजे ग्लुटियस मीडियस. ६० किलोच्या बाई धरा. उभा पाय साधारण १० किलोचा, तो वजा केला की उरले ५०. या ५० किलोंची भाररेषा हेडपासून अंदाजे १० सेंटिमीटर आत. स्नायूची ओढ मात्र हेडपासून ५ सेंटिमीटरवरच. मग ५० गुणिले १० म्हणजे ५००, भागिले ५ म्हणजे १००. स्नायूला १०० किलोंची ओढ द्यावी लागते. हेडवर पडतात ५० अधिक १००, दीडशे किलो. वजनाच्या अडीचपट, तेही नुसतं एका पायावर उभं राहून. आकडे ढोबळ आहेत, पण हे गणित वहीत एकदा स्वतः मांडा. ‘वजन कमी करा’ हे वाक्य पेशंटला पटवून देताना तुमचा आवाज बदललेला असेल.

ट्रेंडेलेनबर्ग टेस्टमध्ये (पेशंटला एका पायावर उभं करून बघताना) कोणती बाजू खाली जाते? दर वेळी उलटं लिहितो.

उचललेल्या पायाची. उजव्या पायावर उभं राहिल्यावर डावीकडचं पेल्विस खाली गेलं तर दोष उजवीकडे. पडते निरोगी बाजू, दुबळी असते उभी बाजू. पुढच्या बाकावरचा एक विद्यार्थी हे ‘कामचुकार नोकर उजवीकडे, पाणी तुंबलं डावीकडे’ असं लक्षात ठेवायचा. त्याला कधीच चुकलं नाही.

फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग हे जर्मन सर्जन. जन्मजात निखळलेल्या खुब्याचे पेशंट हेलकावे खात का चालतात, यावर त्यांनी १८९५ मध्ये लिहिलं. फीमरचं हेड प्रत्येक पावलाला वर सरकतं म्हणून असं होतं, अशी तोवरची समजूत होती. ट्रेंडेलेनबर्गांनी पेशंटला पाठमोरं उभं करून नीट बघितलं आणि दोष अॅबडक्टरचा आहे हे दाखवलं. एक्स-रेचा शोध त्याच वर्षी नोव्हेंबरात लागला, म्हणजे निष्कर्ष निव्वळ डोळ्यांनी बघून काढलेला. आपल्या ओपीडीत एमआरआयची फाइल आधी उघडली जाते आणि पेशंटला चालवून बघायचं राहून जातं, तेव्हा मला हे आठवतं.

पेशंट पेल्विस पडू देत नसेल, त्याऐवजी धडच दुबळ्या बाजूवर झुकवत असेल, तर तोही दोष तोच. भाररेषा टेकूजवळ आणली की स्नायूचं काम कमी होतं, हे शरीराला गणित न शिकवता कळतं. दोन्ही बाजू दुबळ्या असतील तर बदकासारखी चाल.

मग काठी कोणत्या हातात? दुखतं उजवीकडे तर उजव्याच हातात हवी ना?

डाव्या हातात. सगळे आजी-आजोबा पहिल्या दिवशी हुज्जत घालतात. वरच्याच गणितात बसवा. डाव्या हातातली काठी उजव्या हेडपासून ढोबळमानाने ५० सेंटिमीटरवर टेकते. काठीवर फक्त ५ किलो भार दिला तरी ५ गुणिले ५० म्हणजे २५०. स्नायूला लागणाऱ्या ५०० मधले निम्मे काठीनेच पेलले. स्नायूची ओढ १०० वरून ५० वर आली, आणि हेडवरचा भार दीडशेवरून ९५ वर. पाच किलोंत पंचावन्न किलो वाचले. असा व्यवहार दुसरीकडे कुठे मिळतो?

ग्लुटियस मॅक्सिमस एवढा मोठा, तर चालताना तोच सगळ्यात जास्त काम करत असेल?

सपाट रस्त्यावर सावकाश चालताना तो जवळजवळ झोपलेला असतो. जिना, चढ, पळणं आणि खुर्चीतून उठणं ही त्याची कामं. नर्व्ह इन्फीरियर ग्लुटिअल, एल ५, एस १, एस २. इन्सर्शन विचारलं की सगळे ग्लुटिअल ट्युबरॉसिटी म्हणून मोकळे होतात. बहुतेक तंतू जातात आयटी ट्रॅक्टमध्ये (मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पट्ट्यात), ट्युबरॉसिटीला फक्त खालचे खोल तंतू.

लाकडी खुर्चीवर हाताचा पंजा उपडा ठेवून त्यावर बसा. टोचतं ते इशिअल ट्युबरॉसिटी. आता तसंच हळूहळू उभे राहा. मॅक्सिमसची कड सरकत येऊन त्या हाडावर पांघरूण घालते. बसताना स्नायू बाजूला होतो आणि आपण हाडावरच बसतो. व्हीलचेअरवरच्या पेशंटला तिथेच जखम का होते, ते हाताला कळतं.

ते सहा छोटे रोटेटर्स कसे लक्षात ठेवू?

वरून खाली ‘पी-गो-गो-क्यू’: पिरिफॉर्मिस, जेमेलस सुपीरियर, ऑब्च्युरेटर इंटर्नस, जेमेलस इन्फीरियर, ऑब्च्युरेटर एक्स्टर्नस, क्वाड्रेटस फीमोरिस. नावांपेक्षा पिरिफॉर्मिसची जागा महत्त्वाची. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखा तो ग्रेटर सायॅटिक फोरामेनच्या मधोमध बसलाय, आणि बाकी सगळं त्याच्या ‘वरून’ किंवा ‘खालून’ असं सांगतात. वरून सुपीरियर ग्लुटिअल नर्व्ह आणि वाहिन्या. खालून सायॅटिक, इन्फीरियर ग्लुटिअल, प्यूडेंडल, पोस्टेरियर क्युटेनियस नर्व्ह आणि छोट्या रोटेटर्सच्या दोन नर्व्ह्ज. प्यूडेंडल बाहेर येते आणि इशिअल स्पाइनला वळसा घालून लेसर सायॅटिक फोरामेनमधून पुन्हा आत जाते.

सायॅटिक नर्व्ह दर वेळी शहाण्यासारखी खालून जात नाही. काहींमध्ये तिचा एक भाग पिरिफॉर्मिसच्या पोटातून जातो. बीटन आणि अॅन्सन यांनी १९३७ मध्ये याचे सहा प्रकार मांडले. म्हणून प्रत्येक कळ ‘पिरिफॉर्मिस सिंड्रोम’ ठरवायला मात्र जाऊ नका. आधी लंबर डिस्क तपासा.

अजून एक. हिप सरळ असताना पिरिफॉर्मिस एक्स्टर्नल रोटेटर, पण हिप ९० अंशांत वाकला की त्याची ओढ अक्षाच्या दुसऱ्या बाजूने जाते आणि तो इंटर्नल रोटेटर होतो. सुतळीचा तुकडा सांगाड्यावर धरून, फीमर वाकवत स्वतः बघा.

खुब्याचा आजार आणि दुखतो गुडघा, असं कसं?

हिल्टनचा नियम: सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जी नर्व्ह, तीच सांध्याला. फीमोरल आणि ऑब्च्युरेटर, दोन्हींच्या फांद्या हिपला आणि गुडघ्यालाही जातात. मेंदूला पत्ता चुकतो. बारा-तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला मुलगा लंगडत आला, गुडघा दुखतो म्हणाला आणि गुडघ्यात काहीच सापडलं नाही, तर हिप वाकवून बघा. वाकवताना पाय आपोआप बाहेर वळत असेल तर फीमरचं हेड ग्रोथ प्लेटवरून घसरलेलं असू शकतं. ताबडतोब ऑर्थोकडे पाठवा. गुडघ्याला शेक देत बसण्यात गेलेले दोन आठवडे महागात पडतात.

‘बॉल बदलला’ म्हणजे काय? हाड मोडलं तर जोडत का नाहीत?

रक्तामुळे. हेडचं रक्त मुख्यतः मीडिअल फीमोरल सर्कमफ्लेक्स आर्टरीकडून येतं, आणि तिच्या फांद्या मानेला चिकटून खालून वर चढतात. कॅप्सूल पुढे इंटरट्रोकँटेरिक लाइनपर्यंत येतं, मागे मानेचा बाहेरचा भाग उघडा सोडतं. कॅप्सूलच्या आत मान मोडली की या फांद्या तुटतात. लिगामेंटम टेरिसमधून येणारी बारीक धमनी मोठ्यांमध्ये पुरी पडत नाही. हेड मरतं, म्हणून वयस्कर माणसाचा बॉल बदलतात. ट्रोकँटरच्या पातळीवर मोडलं तर तिथे रक्त भरपूर, हाड जुळतं, म्हणून खिळा किंवा प्लेट. बाथरूममध्ये पडलेल्या आजींचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, की एक्स-रेआधीच तुम्हाला अंदाज येतो.

हेच रक्त न मोडताही आटतं. स्टेरॉइड आणि दारू ही नेहमीची कारणं. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या तिशीतल्या माणसांत एव्हीएन (रक्ताअभावी हाड मरणं) दिसल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. लहान मुलांत, साधारण ४ ते ८ वर्षांत, पर्थेस नावाचा असाच आजार.

‘मांडी घालता येईल का?’ हा प्रश्न प्रत्येक पेशंट का विचारतो, आणि अॅनाटॉमी काय सांगते?

कारण परदेशी पुस्तकातला माणूस खुर्चीवर जेवतो आणि आपला पेशंट पाटावर. फ्लेक्शनची नॉर्मल रेंज १२० अंश असं आपण पाठ करतो. आता उकिडवं बसलेला माणूस बघा. मांडी पोटाला टेकलेली. त्यातला शेवटचा भाग हिपचा नसतोच, पेल्विस मागे कलंडून तो भरून काढतं. पाठ ताठ धरून उकिडवं बसायचा प्रयत्न करा, मागे पडाल. म्हणून गोनिओमीटर (सांध्याचा कोनमापक) ट्रोकँटरवर ठेवून मोजताना दुसरा पाय आणि पेल्विस हललं का ते बघा, नाहीतर कमरेचे अंश हिपच्या खात्यात जमा होतात.

मांडी घालणं म्हणजे फ्लेक्शन, अॅबडक्शन आणि एक्स्टर्नल रोटेशन. यांची इंग्रजी आद्याक्षरं (एफ, एबी, ईआर) जुळवली की हिप तपासायची फेबर टेस्ट. आपले लोक ती दिवसातून चार वेळा स्वतःवर करतात. ‘मांडी कधीपासून घालता येत नाही?’ हा प्रश्न म्हणूनच कितीतरी गोष्टी सांगून जातो. चप्पल घालता येते का, पायाची नखं कापता येतात का, हेही विचारा.

पोस्टेरियर अॅप्रोचने (मागून छेद घेऊन) सांधा बदललेला असेल तर सुरुवातीला ९० अंशांपुढे फ्लेक्शन नाही, मध्यरेषेपलीकडे अॅडक्शन नाही, इंटर्नल रोटेशन नाही. छापील कागदावर हे तीन शब्द लिहून देऊन भागत नाही. त्याचं मराठी असं: भारतीय संडास बंद, पाट बंद, बसून लादी पुसणं बंद, कुशीवर झोपताना दोन पायांत उशी, आणि वाकून कोणाच्या पाया पडायचं नाही. शेवटचं मी एका आजोबांना सांगायला विसरलो होतो. ते घरी गेल्यावर नातवाच्या मुंजीत गुरुजींच्या पाया पडायला वाकले. सुदैवाने काही झालं नाही, पण तेव्हापासून ते वाक्य मी आधी सांगतो.

एसआय जॉइंट ‘सरकतो’ का? पेशंट म्हणतात, कोणीतरी बसवून दिला.

तो हलतो, पण किती? फिरणं दोन-चार अंश, सरकणं एक-दोन मिलिमीटर. सेक्रमचा वरचा भाग पुढे-खाली झुकला की न्यूटेशन, उलट गेला की काउंटरन्यूटेशन. न्यूटेशनला सेक्रोट्युबरस आणि सेक्रोस्पायनस लिगामेंट्स आवर घालतात, काउंटरन्यूटेशनला लाँग डॉर्सल. एवढ्या हालचालीत ‘हाड सरकलं’ हे कातडी आणि चरबीवरून बोटांनी ओळखल्याचा दावा मला पटत नाही. ‘कट’ असा आवाज येऊन बरं वाटतं, हे मान्य. बरं वाटण्याचं कारण हाड जागेवर बसणं हेच असेल, हे मान्य नाही. गरोदरपणात मात्र लिगामेंट्स खरोखर सैलावतात. पुढे प्यूबिक सिम्फिसिसची फट एरवी ४-५ मिलिमीटर, ती दोन-तीन मिलिमीटरने वाढू शकते. अशा बाईला बिछान्यात कूस बदलणं सगळ्यात जास्त दुखतं. दोन्ही गुडघे एकत्र ठेवून वळायला शिकवलं की त्याच दिवशी फरक पडतो.

पेल्विक फ्लोअर (पेल्विसच्या तळाचे स्नायू) आम्हाला किती लागतो?

वाटतो त्यापेक्षा जास्त. लेव्हेटर अॅनायचे तीन भाग, प्युबोरेक्टॅलिस, प्युबोकॉक्सिजियस, इलिओकॉक्सिजियस, आणि मागे कॉक्सिजियस. एस २, ३, ४. खोकताना लघवी गळते हे बायका स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. व्यायाम शिकवताना ‘लघवी अडवल्यासारखं करा’ हे फक्त स्नायू ओळखण्यापुरतं सांगा. रोज लघवी करताना मध्येच थांबवायची सवय लावू नका.

थॉमस टेस्टमध्ये दुसरा पाय पोटाशी का घेतात?

लंबर लॉर्डोसिस (कमरेचा पोकळ बाक) मोडायला. हिप फ्लेक्सर आखडलेला असला की पेशंट पेल्विस पुढे झुकवतो, कंबर पोकळ करतो आणि पाय टेबलावर सपाट ठेवून दाखवतो. दुसरी मांडी पोटाशी घेतली की पेल्विस मागे फिरतं आणि लपवलेलं कॉन्ट्रॅक्चर उघडं पडतं. तुमचा हात कमरेखाली असू द्या. कंबर हाताला टेकली की मांडी पुढे ओढणं थांबवा. त्याहून जास्त ओढलंत तर नॉर्मल माणसाचाही पाय उचलला जाईल.

आणि पायाची लांबी? टेप कुठून कुठे?

ट्रू लांबी एएसआयएसपासून मीडिअल मॅलिओलसपर्यंत (घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत), अॅपरंट बेंबीपासून तिथेच. ट्रू सारखी आणि अॅपरंट वेगळी आली तर पेल्विस तिरकं आहे. दोन्ही पाय पेल्विसशी सारख्याच कोनात ठेवून मोजा. एक पाय अॅडक्शनमध्ये अडकला असेल तर दुसराही तेवढाच अॅडक्शनमध्ये न्या. एएसआयएसवर टेपचं टोक ठेवताना खालून वर सरकवत आणा, हाडाच्या खालच्या कडेला ते अडकतं आणि तिथेच राहतं. वरून दाबलंत तर कातडीबरोबर सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं, मग दोन विद्यार्थ्यांची मापं जुळत नाहीत आणि दोघं पेशंटसमोर भांडतात.